पाठ दिसली, तोंड नाही

औरंगाबाद,
१२ नोव्हेंबर १९८४

ती. अक्कास वच्छलाचा नमस्कार.

दोन वर्षं आपण एकमेकींशी बोललो नाय. दाजींच्या दहाव्याला मी तुझ्या दाराशी आले होते, तर तू उठून आत गेलीस. त्यानंतर आज पहिल्यांदा लिहिते. लिहिल्यावाचून राहवेना म्हणून लिहिते.

यांना जन्मठेप झाली तसं मी गाव सोडलं, हे तुला कळलं असंल. गुलमंडीच्या मागं जाहेदाबींच्या घरात एक खोली घेतली आहे. त्या आणि मी मिळून दुकानांच्या साड्यांना फॉल लावतो. हर्सूलच्या जेलात ठरल्या दिवशी यांची भेट मिळते. इथं आता हायकोर्टाचं खंडपीठ झालंय, तिथं अपील टाकलं आहे. वकील नूरमोहम्मद साहेब म्हणून आहेत. निजामाच्या काळात उर्दूतून वकिली शिकलेले, लई म्हातारे, पण कागद बारीक वाचतात.

तुला आठवत असंल, खालच्या कोर्टात साक्षीदारांच्या यादीत माझंही नाव घातलं होतं. त्यामुळं खटला चालला ते सगळे दिवस मला बाहेर बाकावर बसवलं, आणि शेवटी बोलावलंच नाही. आत कोण काय बोललं ते मी ऐकलं नाही. निकाल इंग्रजीत होता. तू सकाळच्या भांडणाचं सांगितलं असशील, असं मी धरून चालले होते. ते भांडण तर झालंच होतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून यांनी दाजींना "तुला बघून घेईन" म्हणलेलं सगळ्या आळीनं ऐकलं होतं.

परवा वकिलांकडं अपिलाचे कागद आले. साक्षी मराठीत आहेत. मी तिथंच बसून तुझी साक्ष वाचली. दोनदा वाचली. वकिलांच्या बायकोनं पाणी आणून दिलं तरी मला उठता येईना.

अक्का, तुझे दोन जबाब आहेत. पहिला दाजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीचा, २९ सप्टेंबर ८२. त्यात तू म्हणतेस, "मी अंगणात उडीद पाखडत होते. मी कुणाला पाहिलं नाही." दुसरा १६ ऑक्टोबरचा. त्यात तू म्हणतेस, "बद्रीनाथला पहार घेऊन माझ्या नवऱ्याच्या मागं विहिरीकडं जाताना मी पाहिलं." कोर्टात वकिलानं विचारलं, पहिल्या जबाबात हे का नाही? तू म्हणालीस, मी सांगितलं होतं, का लिहिलं नाही ते माहीत नाही.

माझ्या नवऱ्याला जन्मठेप झाली ती तुझ्या डोळ्यांवर झाली, हे मला दोन वर्षांनी कळलं. यातला कोणता जबाब खरा, एवढंच सांग.

तुझी,
वच्छला


कोळेवाडी, ता. सिल्लोड,
३ डिसेंबर १९८४

वच्छला,

पत्र मिळालं. थोरल्या दिरांनी, आप्पासाहेबांनी फोडून वाचलं आणि मग मला दिलं. ते म्हणाले, उत्तर देऊ नको. मी म्हणलं, एकदाच देते.

माझं कुंकू पुसलं गेलं ते तुझ्या घरच्या माणसामुळं. हे मी नाय ठरवलं, कोर्टानं ठरवलं. पहिल्या जबाबाच्या वेळी मालकांना सिल्लोडला पोस्टमार्टमला नेलं होतं. मला कुणी काय विचारलं आणि मी काय बोलले, शुद्ध नव्हती. नंतर आठवलं ते सांगितलं.

सख्ख्या चुलत भावानं भावाच्या डोक्यात पहार घातली. आपण दोघी बहिणी एकाच घरात दिल्या म्हणून दादांना केवढा आनंद झाला होता. बरं झालं ते आधी गेले. डॉक्टर म्हणाले, घाव बसला तसे मालक जागच्या जागी गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. तेवढ्या एका गोष्टीवर मी दिवस काढते. तू तुझं अपील कर. मला पुन्हा लिहू नको.

द्वारका


औरंगाबाद,
२० जानेवारी १९८५

ती. अक्कास,

लिहू नको म्हणालीस तरी लिहिते. हे पत्र करीमभाईच्या हाती देते. कापडाचा गठ्ठा घेऊन तो तुमच्या आळीत येतो, तो तुझ्याच हातात देईल.

तू साक्ष बदल, असं मी म्हणत नाय. वकिलांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, "बाई, मेरेकू ये मत बताव की आदमी अच्छा है. ते कोर्टाला नको. कागदात काय आहे तेवढं बोला." मग त्यांनी कागद पुढ्यात ठेवून समजावलं. मारताना कुणी पाहिलेलं नाही. म्हणून चार गोष्टी जोडून शिक्षा दिली. एक, भांडण. दोन, आमच्या कडब्यात सापडलेली पहार. तिच्यावर रक्त नव्हतं, आणि पहार कुणाच्या घरी नसते? तीन, यांच्या धोतराच्या काठावरचा डाग. तपासणीत माणसाचं रक्त निघालं, पण कोणत्या गटाचं ते सांगता आलं नाही. यांनी कोर्टात सांगितलं की पायाला विळा लागला होता. आणि चौथी तू.

वकील म्हणाले, या चारांतून दुसरा काहीच अर्थ निघत नसेल तरच शिक्षा टिकते. दुसरा अर्थ निघत असेल तर त्याचा फायदा आरोपीला. त्यांनी पंचनाम्यात एक ओळ दाखवली. विहिरीवरच्या मोटारीचे दोन नट सैल होते. जमादारानं लिहिलं आणि पुढं कुणी त्यावर एक शब्द विचारला नाही.

तलाठ्यानं काढलेला नकाशाही आहे. तुझं अंगण ते विहीर तीनशे पावलं, आणि मधे पुरी हायब्रीड ज्वारी उभी. अक्का, ती ज्वारी त्या साली किती उंच होती ते मला माहीत आहे. मीच खुरपायला होते. अंगणातून विहिरीचा बांध दिसत होता का, एवढं मला सांग. कोर्टाला नको सांगू. मला सांग.

हे खंगलेत. जेलात विणकामाला लावलंय. भेटीला गेले की पहिलं विचारतात, वैनी कशी आहे.

वच्छला


कोळेवाडी,
११ एप्रिल १९८५

वच्छे,

आप्पासाहेबांचा जावई चितेगावच्या कारखान्यात लागलाय, त्याच्याकडं ते चार दिवस गेलेत. म्हणून सावकाशीनं लिहायला मिळालं. तुझं पत्र तीन महिने तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं.

आता सगळं सांगते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणं व्हायचं नाही.

पहिल्या दिवशी जमादारानं विचारलं, "मारणारा पाहिला का?" मी नाय म्हणलं. ते खरंच होतं. पण उडीद पाखडताना मला एक गोष्ट दिसली होती. ज्वारीतून बांध दिसत नाही, तुझं बरोबर आहे. फक्त वळणावर चार पावलं मोकळी आहेत. तिथून एक माणूस गेला. विहिरीकडून येऊन पलीकडं गेला. मला पाठ दिसली, तोंड नाही. पांढरं मुंडासं. हात मोकळे. शेतातून माणसं जातच असतात, मला त्याचं काही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी बायका बसायला आल्या तेव्हा मी ते बोलले. आप्पासाहेबांनी ऐकलं. मग रोज सुरू झालं. कधी आप्पासाहेब, कधी जमादार, कधी दोघं.

"बद्रीसारखा होता का?"

"अंधारून आलं होतं."

"मुंडासं पांढरं होतं म्हणतेस. बद्री कसलं मुंडासं बांधतो?"

"पांढरं."

"चाल कशी होती?"

"माणसासारखी."

"बद्री माणूस नाय का?"

असं सतरा दिवस. आप्पासाहेबांना दोष देत नाय. त्यांच्या पाठचा भाऊ गेला होता, त्यांना मनापासून वाटत होतं की बद्रीनंच केलं. मलाही तसंच वाटायला लागलं. आणि एक दिवस मी डोळे मिटले तर त्या पाठीनं वळून पाहिलं आणि ते बद्रीचं तोंड होतं. मी तसं म्हणाले. जमादार म्हणाला, "आणि पहार?" मी गप्प बसले. त्यानं लिहून घेतलं. मालकांच्या मागून विहिरीकडं जात होता, असंही त्यानंच लिहिलं. मी अंगठा नाय, सही केली. दादांनी सातवीपर्यंत शिकवलं ते ह्याच्यासाठी.

कोर्टात मी घोकल्यासारखं बोलले. बद्री पिंजऱ्यात उभा होता. त्यानं एकदाही मान वर केली नाही. मला वाटलं, गुन्हेगार आहे म्हणून मान खाली आहे.

तुझं पत्र आलं आणि मी अंगणात जाऊन उभी राहिले. परत परत उभी राहिले. वच्छे, मी पाहिलं नाही. मी एका परक्या पाठीला तुझ्या नवऱ्याचं तोंड लावलं. मी औरंगाबादला येते. जजसाहेबांपुढं सांगते. मला जेलात घातलं तरी चालंल.

अक्का


औरंगाबाद,
२९ एप्रिल १९८५

अक्का,

तुझं पत्र आलं तेव्हा मी साडीला फॉल लावत होते. सुई बोटात गेलेली जाहेदाबींनी पाहिली, मला कळली नाही. त्या म्हणाल्या, "किसी का इंतकाल हुआ क्या?" मी म्हणलं, नाय, कुणी गेलं नाही.

खोटं कशाला बोलू, मला तुझा लई राग आला. दोन दिवस शिव्या दिल्या. अडीच वर्षं हे आत आहेत. त्यातली कितीतरी आपण एकमेकींच्या दाराला पाठ करून काढली. मग वाटलं, सतरा दिवस मला कुणी असं विचारलं असतं तर मी काय केलं असतं? माझ्याकडंही त्या दिवसातल्या काही गोष्टी आहेत ज्या मी कुणाला विचारल्या नाहीत. ते असो.

तुझं पत्र वकिलांकडं नेलं. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि घडी घालून परत दिलं. म्हणाले, "हे बहिणीचं पत्र आहे, घरी ठेवा. माझ्या कागदांच्या बस्त्यात याचं काम नाही." मी म्हणलं, साहेब, ती यायला तयार आहे. ते म्हणाले, "आली तर सरकारी वकील उभा राहून म्हणंल, ही आधी खोटं बोलली की आता? बहिणीच्या प्रेमानं फिरली. तिच्यावर खोट्या साक्षीचा खटला होईल आणि तुमच्या माणसाचा काही फायदा होणार नाही. अपील खालच्या कोर्टाच्या कागदावर चालतं. जे सिद्ध झालं नाही ते कागदात दिसतंच आहे. मेरेकू उतना बस है."

म्हणजे तू येऊ नको. गप्प राहा. मीही यांना तुझं पत्र दाखवलेलं नाही. आत बसलेल्या माणसाला हे कळून काय करायचं?

वच्छला


औरंगाबाद,
२५ जानेवारी १९८६

ती. अक्कास नमस्कार.

मधे नऊ महिने गेले. तू लिहिलं नाहीस, मीही नाही. काल निकाल लागला. हे सुटले.

मागच्या आठवड्यात दीड दिवस काम चाललं. दोन जजसाहेब होते. नूरमोहम्मद साहेब टेबलाला धरून उभे राहिले, मला भीती वाटली. पण बोलायला लागले तसा आवाज ठाम झाला. सगळं इंग्रजीत होतं. मला एकच गोष्ट कळली, कारण त्यांतल्या एका जजसाहेबांनी ती मराठीत विचारली. "ज्वारी किती उंच होती?" सरकारी वकील कागद उलटत राहिले. खालच्या कोर्टात ते कुणी विचारलंच नव्हतं. मग नकाशा काढला, त्यावर "उभे पीक" लिहिलेलं होतं. जजसाहेबांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

काल वाचून दाखवलं. बाहेर आल्यावर वकिलांनी मला समजावलं. सतरा दिवसांनी दिलेल्या जबाबावर भरवसा ठेवता येत नाही. पहारीचा गुन्ह्याशी संबंध दिसत नाही. डागाचा गट कळत नाही. मोटारीचे नट कुणी सैल केले ते तपासलं नाही. संशय आहे, पण संशय म्हणजे पुरावा नाही. शिक्षा रद्द. "बाई, छूट गया तुमचा माणूस," ते म्हणाले आणि काळ्या कोटाच्या बाहीनं चष्मा पुसायला लागले.

मला रडू येईल असं वाटलं होतं. काहीच आलं नाही. घरी येऊन उरलेल्या सहा साड्यांना फॉल लावला.

कागद जेलात पोचले की सोडतील. तुला सगळ्यांच्या आधी कळावं म्हणून लिहिलं.

वच्छला


कोळेवाडी,
६ फेब्रुवारी १९८६

चि. वच्छलास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून पहिल्यांदा पोटभर जेवले. आप्पासाहेब संतापलेत, वर दिल्लीला जाऊ म्हणतात. त्यांना मी काल सांगितलं की मी पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडं बघतच राहिले. एवढ्या वर्षांत त्यांना हे सुचलंच नव्हतं. त्यांनी ताट सरकवलं आणि उठले. तेव्हापासून ओसरीवर नुसते बसून असतात.

ती पाठ कुणाची होती देव जाणे. बद्रीची नव्हती, एवढं आता माझं मन मला सांगतं. देवासारख्या माणसाला मी आत घातलं. तो घरी आला की त्याला हे पत्र वाचून दाखव. म्हणावं, वैनीनं खोटी साक्ष दिली. म्हणावं, वैनी तुझे पाय धरते. मोठी असून धरते. त्याला मला माफ करता आलं तर करावं. नाही आलं तरी मी समजेन.

तुम्ही दोघं गावाकडं या. तुमचं शेत मी पडू दिलेलं नाही, सांडू गड्याला लावून करून घेतलंय. हरभरा आहे.

अक्का


औरंगाबाद,
२ मार्च १९८६

अक्का,

हे पत्र एकटी असताना वाच. बसून वाच.

हे घरी येऊन महिना झाला. आल्यापासून बोलत नव्हते. जेलातून आलेलं माणूस, मी म्हणलं, होईल हळूहळू. गावाकडं चला म्हणलं की तोंड फिरवायचे. तुझं पत्र आलं ते मी दुपारी जेवणं झाल्यावर वाचून दाखवलं. "वैनी तुझे पाय धरते" तिथं आले आणि हे म्हणाले, "थांब. पुढं वाचू नको." मग भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "ती पाठ माझीच होती."

मला वाटलं, माझ्या कानांना काहीतरी झालं. मी विचारलं, "काय म्हणलात?" त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

त्यांनी दाजींना मारलं नाही. तुझ्या गळ्याची शपथ, ते मी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं आहे. पण त्या संध्याकाळी ते विहिरीवर गेले होते. सकाळी जास्त बोललो, आता मिटवून टाकू, म्हणून गेले. पाहतात तर दाजी मोटारीजवळ पडलेले. डोक्यातून रक्त. यांनी खाली बसून डोकं मांडीवर घेतलं. अक्का, दाजी जिवंत होते. बोलले. म्हणाले, "दोघं होते, मोटार सोडत होते. गावातले नव्हते. सिल्लोडच्या रस्त्यानं गेले." आणि मग म्हणाले, "द्वारकाला हाक मार."

यांनी हाक मारली नाही.

हे म्हणाले, "मला सकाळचं भांडण आठवलं. हाक मारली की सगळं गाव येणार आणि मांडीवर रक्त घेऊन मी बसलेलो दिसणार. डोकं खाली ठेवलं आणि चालायला लागलो." मी विचारलं, नुसती भीतीच होती? मग म्हणाले, "राग पण होता. खोटं नाय सांगत. दोन्ही होतं."

ते मोटारचोरांचं त्यांनी पोलिसांना सांगितलं नाही, वकिलाला नाही, मला नाही. सांगायचं तर आपण तिथं होतो हे सांगावं लागलं असतं. ते दोघं कुठं गेले असतील आता कोण शोधणार.

आणि आता माझं. त्या संध्याकाळी हे ओल्या धोतरानं घरी आले होते. मी विचारलं नाही. पायाला विळा लागला असं त्यांनी कोर्टात सांगितल्याचं मला कळलं तेव्हा मी काय करावं? त्यांच्या पायाला काही लागलं नव्हतं. मला माहीत होतं. तुला मी विचारत बसले की तुझा कोणता जबाब खरा. स्वतःच्या नवऱ्याला एवढ्या वर्षांत एक प्रश्न विचारला नाही, कारण उत्तर येईल याची भीती होती.

मी वकिलांकडं जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "निकाल बरोबर आहे, बाई. त्यांनी मारल्याचा पुरावा नव्हताच. या गुन्ह्यासाठी पुन्हा खटला होत नाही. बाकी जे केलं नाही, त्याचं कोर्ट मला माहीत नाही."

तू डॉक्टरांच्या एका वाक्यावर दिवस काढतेस, हे मला माहीत आहे. ते तुझ्याकडून काढून घ्यायला माझा हात होत नव्हता. चार दिवस पत्र फाडलं, पुन्हा लिहिलं. पण तू त्यांचे पाय धरायला निघाली होतीस. ते मला बघवलं नाही.

वच्छला


कोळेवाडी,
१० मार्च १९८६

वच्छला,

त्याला पाठव. एकट्याला पाठव.

द्वारका


औरंगाबाद,
१४ मार्च १९८६

अक्का,

सोमवारी सकाळच्या सिल्लोडच्या गाडीनं निघतील. मी सोबत येते म्हणलं, तर म्हणाले, वैनीनं एकट्याला बोलावलंय. करशील ते कर. मी काही मागत नाय.

वच्छला


कोळेवाडी,
१९ मार्च १९८६

चि. वच्छलास,

बद्री परवा दुपारी आला. तू काळजी करत असशील म्हणून आधी सांगते, त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. आप्पासाहेब काठी घेऊन उठले होते. मी म्हणलं, बसा, आणि ते बसले.

तो अंगणाच्या कडेला उभा राहिला. आत येईना. मी पाणी दिलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं. म्हणलं, सांग. तुझ्या पत्रात होतं तेच त्यानं सांगितलं. कमी नाही, जास्त नाही. मी विचारलं, ते किती वेळ होते? तो म्हणाला, "माहीत नाय वैनी. मी निघालो तेव्हा होते." आप्पासाहेबांनी डोक्याचं मुंडासं काढून तोंडावर धरलं. पाठच्या भावाचं शेवटचं बोलणं त्यांना साडेतीन वर्षांनी ऐकायला मिळालं. मी रडले नाही. माझ्या अंगात कसलं बळ होतं मला माहीत नाही.

मग मी त्याला म्हणलं, विहिरीवर जा. जिथं त्यांचं डोकं मांडीवर घेतलंस तिथं बस आणि मला हाक मार.

तो म्हणाला, "वैनी, नको." मी म्हणलं, जा. आप्पासाहेबही म्हणाले, द्वारका, आता कशाला. मी म्हणलं, कोर्टानं सगळं मोजलं, पावलं मोजली, ज्वारी मोजली, दिसतं का ते पाहिलं. ऐकू येतं का ते कुणी पाहिलं नाही. ते मला पाहायचंय.

तो गेला. मी उडीद पाखडत होते त्या जागेवर जाऊन बसले. शेत रिकामं आहे, वळणावर तो दिसला आणि पुढं बांधाच्या आड खाली बसला. लई वेळ काहीच नाही. मला वाटलं, तिथूनच निघून गेला. आणि मग हाक आली.

"वैनी."

एकदाच. मोठ्यानं नव्हती. रडत होता बहुतेक.

परत आला आणि अंगणाच्या कडेला बसला. आप्पासाहेब मला म्हणाले, "आता शेत मोकळं आहे. तेव्हा ज्वारी उभी होती. आवाज अडला असता, द्वारका. तुला ऐकू आलं नसतं." त्यांना माझं बरं बघायचं होतं, ते मला कळलं. बद्रीही माझ्या तोंडाकडं बघत होता. मी व्हय म्हणावं, एवढंच त्या दोघांना पाहिजे होतं.

मागं एकदा मला असंच कुणीतरी सांगितलं होतं की मी काय पाहिलं. मी मान हलवली होती.

उद्या बद्री आणि मी सिल्लोडला जाऊन त्या दोन मोटारचोरांबद्दल जबाब देणार आहोत. आप्पासाहेब गाडी जुंपतो म्हणाले. काही सापडणार नाही, मला माहीत आहे. तरी लिहून राहू दे. बद्री सांडूच्या ओसरीवर झोपतो. माझ्याकडून त्याला जेवण जाईल, पण माझ्या पंगतीला तो नको. किती दिवस ते आत्ता सांगता येत नाही. तू मात्र ये. तुझ्याशी मला बोलायचंय, आणि ते पत्रात लिहायचं नाही.

आप्पासाहेबांना मी काय उत्तर दिलं ते तुला सांगते, कारण तू विचारशील. मी म्हणलं, दहा वर्षं मालक विहिरीवरून हाक मारायचे. ज्वारी उभी असायची, वारा असायचा, मोटार चालू असायची. तरी हाक आली की मी चुलीवर चहा टाकायचे, आणि ते दारात येईतो तो उकळलेला असायचा.

अक्का